साधे की प्रीमियम? कन्हानच्या पेट्रोल पंपावरचा शंभर वर्षांचा प्रश्न

१/
नागपूरहून जबलपूरकडे निघालेला जुना महामार्ग कामठी छावणी मागे टाकतो, नदीवरचा पूल ओलांडतो आणि कन्हानमध्ये शिरतो. एका बाजूला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या बाजूला ट्रकांची रांग, मध्ये पेट्रोल पंप. पंधरा-वीस वर्षे वापरलेली एक पेट्रोल एसयूव्ही तिथे थांबते. नोझल हातात घेतलेला कर्मचारी विचारतो, “साधं टाकू का प्रीमियम, भाऊ?”

प्रश्न दोन सेकंदांचा आहे. त्यामागचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. त्याचाच हा थ्रेड.

२/
गाडीचा मालक क्षणभर घुटमळतो. थकलेल्या बैलाला सरकी-पेंड चारावी, तसे म्हाताऱ्या इंजिनाला महागडे पेट्रोल पाजावे, ही समजूत गावोगावी आहे. लिटरमागे सात रुपयांचा फरक धरला आणि महिन्याला नव्वद लिटर इंधन लागते असे मानले, तर वर्षाचा जादा खर्च साडेसात हजारांच्या पुढे जातो. जुनी गाडी सांभाळणाऱ्या कुटुंबासाठी ही रक्कम लहान नाही. तेवढ्यात गाडीची एक चांगली सर्व्हिसिंग होते. म्हणून हा खर्च नेमका कशासाठी केला जातो, हे तपासणे आवश्यक ठरते.

३/
सुरुवात इंजिनाच्या आतून. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाची वाफ यांचे मिश्रण पिस्टन दाबतो, मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ज्वाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते. ही ज्वाला पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप पेटले, तर आत छोटा स्फोट होतो. बाहेर धातूवर खडे आपटल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. हे दीर्घकाळ चालले, तर पिस्टनलाच इजा होते.

४/
मिश्रण जितके जास्त दाबावे, तितकी त्याच इंधनातून अधिक शक्ती मिळते. आणि जितके जास्त दाबावे, तितकी नॉकिंगची भीतीही वाढते. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार उद्योगाची प्रगती याच अडचणीपाशी अडली होती. अमेरिकेतील डेटन शहरात जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली थॉमस मिजली हा अभियंता अनेक वर्षे एकच गोष्ट शोधत होता: पेट्रोलमध्ये काय मिसळले, म्हणजे ते वेळेआधी पेटणार नाही?

५/
९ डिसेंबर १९२१ रोजी त्याला उत्तर सापडले: टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग. अगदी थोड्या प्रमाणात घातले तरी नॉकिंग थांबत असे. मात्र हा एकमेव उपाय नव्हता. अल्कोहोल मिसळल्यानेही नॉकिंग थांबते, हे मिजलीला स्वतःच्या चाचण्यांतून माहीत होते. पण अल्कोहोल कोणीही शेतमालापासून गाळू शकत होता, आणि ते बरेच मिसळावे लागे. शिशाच्या संयुगाचे थेंब पुरत, आणि त्यावर कंपनीचे नियंत्रण राहू शकत होते. व्यापाराने शिशाची बाजू घेतली.

६/
फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनमध्येच हे नवे पेट्रोल विक्रीस आले. त्याचे नाव होते ‘एथिल’. नावात शिसे कुठेही नव्हते. शिसे विषारी असते हे तेव्हाही वैद्यकशास्त्राला ठाऊक होते. रंगारी आणि छापखान्यातील कामगार यांचे विकार जुन्या काळापासून नोंदले गेले होते. ग्राहकाला मात्र पंपावर फक्त एक गोंडस नाव आणि चढा भाव दिसला. नामांकित ‘प्रीमियम’ पेट्रोलची ही जन्मकथा आहे: दर्जा ठळक अक्षरांत, घटक मात्र पडद्याआड.

७/
ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे संयुग तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट अवस्थेत मरण पावले. अनेक रुग्णालयात गेले. विक्री काही काळ थांबली. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये परिषद भरली, समिती नेमली गेली, आणि १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. पुढची अनेक दशके जगभरच्या रस्त्यांवर शिशाचा धूर पसरत राहिला. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथला साठा २०२१ मध्ये संपला.

८/
याच काळात एक उपयुक्त मोजपट्टीही जन्मली. एखादे पेट्रोल नॉकिंगला किती विरोध करते, हे सांगायचे कसे? १९२६-२७ मध्ये ग्रॅहॅम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने दोन शुद्ध द्रवांचा आधार घेतला. आयसो-ऑक्टेन नॉकिंगला चांगला विरोध करते; त्याला १०० गुण. हेप्टेन चटकन नॉकिंग करते; त्याला ०. ज्या पेट्रोलचे वर्तन ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे असते, त्याचा ऑक्टेन अंक ९१.

९/
या व्याख्येत एक गोष्ट दडलेली आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ऑक्टेन हा पेट्रोलमधील शक्तीचा आकडा नाही. तो शुद्धतेचा नाही आणि मायलेजचाही नाही. दाबाखाली आपोआप न पेटता थांबण्याचा संयम तो मोजतो. इंजिनाला जेवढा संयम हवा तेवढा मिळाला की काम झाले. त्याहून अधिक संयम विकत घेतला, तर कमी दाबाच्या इंजिनाला त्याचा उपयोगच करता येत नाही. दोन मणांचे ओझे नेण्यासाठी दहा मणांची गाडी भाड्याने घ्यावी, तसा तो प्रकार.

१०/
याचे उत्तम उदाहरण नागपूर जिल्ह्यातच मिळते. दुसऱ्या महायुद्धात सोनेगावचा विमानतळ ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांचा मुक्कामाचा तळ होता. जानेवारी १९४९ पासून तिथेच रात्रीच्या हवाई टपालाचा मेळ बसू लागला. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. या विमानांच्या सुपरचार्ज केलेल्या इंजिनांना उच्च ऑक्टेनचे इंधन ही चैन नव्हती. त्याच्याशिवाय उड्डाणच धोक्यात येत असे.

११/
त्याच काळात जमिनीवर धावत होती जीप. युद्धकाळातल्या विलीस जीपच्या इंजिनात मिश्रण दाबण्याचे प्रमाण, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो, अवघा ६.४८ होता. आजच्या साध्या पेट्रोल मोटारीत तो १० ते ११ असतो. जीप मुद्दाम अशी घडवली होती, की मिळेल ते हलके पेट्रोल पचवून ती चिखलातून निघावी. युद्ध संपल्यावर भारतात राहिलेल्या अनेक जीपा विकल्या गेल्या. १९४७ मध्ये महिंद्रने मुंबईत सुट्या भागांपासून जीप जुळवायला आरंभ केला. भारतातील एसयूव्हीची आजी ती हीच. तिला विमानाचे पेट्रोल पाजले असते, तरी तिचा वेग वाढला नसता.

१२/
आजीच्या काळात खरी चणचण दर्जाची नव्हती, पेट्रोलचीच होती. १९४१ पासून पेट्रोलवर नियंत्रण आले. महाराष्ट्राच्या रस्त्यांवर लाकडी कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या बसगाड्या आल्या. मागे शेगडीसारखी टाकी लावलेल्या या गाड्यांच्या आठवणी जुन्या पिढीने बराच काळ जपल्या. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये ‘इंडियन पॉवर अल्कोहोल अॅक्ट’ संमत झाला. साखर कारखान्यांच्या मळीपासून केलेले अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळणे, हाच त्याचा विषय होता. आजच्या इथेनॉल धोरणाचे मूळ इतके मागे जाते. तो कायदा २००० मध्ये रद्द झाला.

१३/
१९५४ आणि १९५५ मध्ये मुंबईच्या तुर्भे (ट्रॉम्बे) भागात दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. सत्तरच्या दशकातील राष्ट्रीयीकरणानंतर एस्सोचा कारखाना हिंदुस्थान पेट्रोलियमकडे आणि बर्मा-शेलचा भारत पेट्रोलियमकडे गेला. त्या काळातील भारतीय मानकांत पेट्रोलचे दोन प्रकार दिसतात. नव्वदच्या दशकापर्यंत ते ऑक्टेन ८७ आणि ऑक्टेन ९३ या नावांनी ओळखले जात. इथे लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी: तेव्हाच्या दोन नोझलांमधील फरक आकड्यानेच सांगितला जात होता. कमी दाबाच्या इंजिनाला ८७ पुरे, अधिक दाबाच्या इंजिनाला ९३.

१४/
मग जीपांनी पेट्रोल सोडले. डिझेल स्वस्त होते आणि सरकार ते स्वस्त ठेवत होते. महिंद्रच्या जीपा डिझेल इंजिनांकडे वळल्या. पुण्याच्या टेल्कोने १९९१ मध्ये सिएरा आणि १९९४ मध्ये सुमो आणली, त्याही डिझेलवर. ‘सुमो’ हे नाव जपानी मल्लांवरून आले असे अनेकांना वाटते. ते कंपनीचे दिवंगत अध्यक्ष सुमंत मुळगावकर यांच्या नावातील ‘सु’ आणि ‘मो’ ही अक्षरे जोडून केले आहे. २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ निघाली. विदर्भातील बहुतेक जुन्या एसयूव्ही याच घराण्यातल्या.

१५/
डिझेल गाडीच्या बाबतीत ऑक्टेनची चर्चाच गैरलागू आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. इंधन दाबानेच पेटावे लागते. त्यामुळे तिथे उलटा गुण हवा, म्हणजे लवकर पेटण्याचा. त्याला सीटेन अंक म्हणतात. भारतात तो मानकांसोबत वाढत गेला: पूर्वी ४५, मग ४८, आणि भारत स्टेज-३ पासून किमान ५१. म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या सुमोला आज पंपावर मिळणारे साधे डिझेलसुद्धा तिच्या जन्मकाळच्या डिझेलपेक्षा सरस आहे. प्रीमियम डिझेलचा मुख्य दावा त्यातील इंजेक्टर स्वच्छ ठेवणाऱ्या द्रव्यांवर उभा असतो.

१६/
पेट्रोलवर टिकून राहिलेल्या जुन्या चारचाकी-ड्राइव्ह गाड्यांत सर्वांत परिचित मारुती जिप्सी, जन्म १९८५. सैन्याच्या हिरव्या जिप्सी देशातील कुठल्याही छावणीत ओळखीच्या झाल्या होत्या. १८२१ मध्ये वसलेली कामठीची छावणी तर कन्हानच्या नदीपलीकडेच आहे. जिप्सीच्या आयुष्यात इंधनाची फार मोठी उलथापालथ झाली. ती जन्मली शिशाच्या पेट्रोलवर आणि म्हातारी झाली शिशाविना.

१७/
हा बदल टप्प्याटप्प्याने झाला. वाहनांच्या धुराबाबत एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले. १९९४ मध्ये चार महानगरांत कमी शिशाचे पेट्रोल आले. १ एप्रिल १९९५ पासून तिथे नव्या मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बंधनकारक झाला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे हद्दपार झाले. मुलांच्या मेंदूवर परिणाम करणारे विष हवेतून कमी झाले. भारतीय शहरांच्या आरोग्याच्या इतिहासातील ही फार मोठी आणि फार कमी बोलली जाणारी घटना आहे.

१८/
जुन्या गाड्यांच्या मालकांसमोर मात्र तेव्हाही आजच्यासारखाच पेच उभा राहिला. शिसे नॉकिंग तर थांबवत असेच, शिवाय व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या सीटवर त्याचा पातळ थर बसून झीज कमी होई. मऊ धातूच्या सीट असलेल्या जुन्या इंजिनांत शिसे गेल्यावर ही झीज वाढू शकत होती. त्यावर उपाय महाग पेट्रोलचा नव्हता. कठीण धातूच्या सीट बसवणे, हा तो उपाय होता. इंधनातील बदल यंत्राच्या दुरुस्तीने पचवावा लागतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

१९/
एप्रिल २००२ मध्ये पेट्रोलियम क्षेत्रातील जुनी सरकारी दरव्यवस्था औपचारिकपणे संपली. कंपन्यांत स्पर्धा सुरू झाली आणि त्याच सुमारास स्पीड, पॉवर, एक्स्ट्राप्रीमियम ही नावे पंपांवर झळकली. इथे इतिहासाने एक वळण घेतले. यांतील सर्वसाधारण प्रीमियम पेट्रोलचा ऑक्टेन बराच काळ साध्याइतकाच होता. फरक होता तो इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या द्रव्यांचा. ९७ ऑक्टेनचे पेट्रोल निराळे होते आणि मोजक्याच ठिकाणी मिळे. वर, ब्रँडच्या पेट्रोलवर उत्पादन शुल्कही अधिक असे. ८७ आणि ९३ हे आकडे गेले आणि त्यांच्या जागी नावे आली.

२०/
तरीही लोक ही नावे विकत घेत, त्यामागे एक खरी भीती होती: भेसळ. रेशनचे रॉकेल स्वस्त होते आणि ते इंधनात मिसळण्याचा धंदा मोठा होता. रॉकेलमुळे पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो आणि इंजिन खडखडू लागते. या धंद्याचे भीषण रूप २५ जानेवारी २०११ रोजी महाराष्ट्राने पाहिले. मनमाडजवळ पानेवाडी परिसरात इंधनाच्या भेसळीचा प्रकार रोखण्यासाठी थांबलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भर दिवसा जिवंत जाळण्यात आले. ‘शुद्ध इंधन’ या दोन शब्दांची किंमत एका प्रामाणिक अधिकाऱ्याने प्राणांनी मोजली.

२१/
मनमाडचे नाव या इतिहासात आणखी एका कारणाने येते. २००१ मध्ये भारत सरकारने पाच टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे प्रायोगिक प्रकल्प सुरू केले. त्यांतील दोन महाराष्ट्रात होते: मिरज आणि मनमाड. तिसरा उत्तर प्रदेशात, बरेलीजवळ आंवला येथे. २००३ पासून योजना अनेक राज्यांत गेली, पण अनेक वर्षे रखडत राहिली. २०१३-१४ मध्ये देशातील मिश्रणाची सरासरी दीड टक्क्याच्या आसपास होती. जून २०२२ मध्ये ती दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचली. मिजलीने १९२१ मध्ये बाजूला ठेवलेले अल्कोहोल शंभर वर्षांनी परत आले.

२२/
आता कन्हानच्या पंपावर पुन्हा येऊ या. इथेनॉलचा ऑक्टेन अंक शंभराहून अधिक आहे. त्यामुळे वीस टक्के मिश्रणाच्या, म्हणजे ई-२० पेट्रोलच्या भारतीय मानकात ऑक्टेन ९५ ठरवला आहे. भारतातील बहुतेक जुन्या पेट्रोल मोटारींच्या पुस्तिकेत ९१ची अपेक्षा आहे. याचा अर्थ असा, की आजचे ‘साधे’ पेट्रोल १९९०च्या दशकातील ‘भारी’ ९३ पेट्रोलपेक्षाही वरचे आहे. ऑक्टेनसाठी जादा पैसे मोजण्याचे जुने कारण अशा गाडीपुरते जवळजवळ संपले आहे.

२३/
मात्र त्याच इथेनॉलमुळे दुसरा प्रश्न जन्मला. लिटरमागे इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या जून २०२१च्या आराखड्यातच नमूद आहे, की शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज ई-२० वर सहा ते सात टक्के घटू शकते. दहा टक्क्यांसाठी बनलेल्या आणि वीससाठी जुळवलेल्यांचे एक ते दोन टक्के. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या रबरी पाइपांना, गॅस्केटांना त्रास देऊ शकते. जुन्या वाहनांतील असे काही भाग वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केले. ते भाग स्वस्त आहेत आणि काम सोपे आहे, असेही सांगितले.

२४/
या धोरणाची दुसरी बाजूही वजनदार आहे. आयात तेलावरचा खर्च, ऊस आणि धान्य पिकवणाऱ्यांना मिळणारा बाजार, धुरातील घट ही सरकारने मांडलेली कारणे आहेत. नागपूरचे खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी हे या धोरणाचे ठळक पुरस्कर्ते. विरोधकांचा मुद्दा निवडीचा होता. इथेनॉलविरहित पेट्रोलही मिळावे आणि पंपावर इथेनॉलचे प्रमाण स्पष्ट लिहावे, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

२५/
इथेनॉल हे शिशासारखे विष नव्हे; दोन्हींना एका तराजूत घालणे अन्यायाचे होईल. पण १९२३ ची ‘एथिल’ची पाटी आणि आजचा पंप यांच्यात एक दुवा आहे. ग्राहकासमोर भाव आणि नाव मोठ्या अक्षरांत असते. इंधनात काय आहे, हे त्याला विचारून घ्यावे लागते. ‘प्रीमियम घेतले म्हणजे इथेनॉल टळले’ हा सार्वत्रिक समज याच अंधारात वाढतो. प्रीमियम म्हणजे इथेनॉलविरहित, असे समीकरण नाही. ९५ ऑक्टेनच्या महाग पेट्रोलमध्येही इथेनॉल असू शकते. १०० ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये ज्या पहिल्या दहा शहरांत आले, त्यांत मुंबई आणि पुणे होते. ते उच्च क्षमतेच्या इंजिनांसाठी होते आणि त्याचा भावही तसाच होता.

२६/
मग जुन्या एसयूव्हीला प्रीमियमचा उपयोग कधीच नाही का? आहे, पण ठरावीक प्रसंगी. पुस्तिकेत ९५ किंवा अधिक ऑक्टेन लिहिला असेल, तर तो पाळावा. काही टर्बो किंवा आयात गाड्यांचे असे असते. दुसरा प्रसंग विदर्भाचा खास आहे. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. कन्हानहून निघालेली भरलेली गाडी, एसी सुरू, सिवनीआधीचा कुरईचा घाट: तापलेली हवा आणि इंजिनावरचा ताण दोन्ही नॉकिंगला पोषक. त्यातच जुन्या इंजिनात साठलेला कार्बन आतली जागा कमी करून दाब वाढवतो.

२७/
अशा चढावर खडखड ऐकू आली, तर आधी मेकॅनिककडून इग्निशनचे टायमिंग, कूलंट, स्पार्क प्लग आणि साठलेला कार्बन पाहून घ्यावा. हे सारे ठीक असूनही आवाज राहिला, तर अधिक ऑक्टेनचे पेट्रोल भरून पाहणे रास्त आहे. आवाज थांबला, तर पैसे कामी आले. आधीच आवाज नव्हता, तर प्रीमियमने जे थांबवायचे ते मुळात घडतच नव्हते.

२८/
दुकानात मिळणाऱ्या ‘ऑक्टेन बूस्टर’च्या बाटल्यांबाबतही सावधपणा हवा. त्यांतील काहींत मँगनीजचे एक संयुग असते. ते १९५०च्या दशकात एथिल कंपनीनेच पुढे आणले. कन्हानच्या उत्तरेस याच रस्त्यावर असलेले मनसर इतिहासप्रेमींना वाकाटककालीन अवशेषांमुळे आणि उद्योगजगताला मँगनीजच्या खाणीमुळे माहीत आहे. तिथला मँगनीज पोलादाच्या कामी येतो. इंजिनात मात्र मँगनीजची संयुगे स्पार्क प्लगवर तांबूस थर सोडतात.

२९/
तेव्हा पंपावरील प्रश्नाचे उत्तर असे: ९१ ऑक्टेनसाठी बनलेल्या, नॉकिंग न करणाऱ्या जुन्या पेट्रोल एसयूव्हीत साधे पेट्रोल भरावे. वाचलेले पैसे इथेनॉल सोसणाऱ्या नव्या इंधन पाइपांवर, गॅस्केटांवर, फिल्टरवर खर्च करावेत. पावसाळ्यात गाडी टाकीत इंधन ठेवून महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. २००० मध्ये व्हॉल्व्ह सीट बदलणाऱ्यांनी जे केले, तेच आता पाइपांबाबत करायचे आहे.

३०/
शंभर वर्षांत पंपावरील पाटी चार वेळा बदलली. आधी एथिलचे नाव, मग ८७ आणि ९३चे आकडे, मग ब्रँड, आणि आता ई-२०. इंजिनाची गरज मात्र तिच्या जन्माच्या दिवशीच ठरलेली असते आणि ती इंधनटाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा पुस्तिकेच्या एका पानावर छापलेली असते. घरात आजोबांची, वडिलांची जुनी गाडी असेल, तर ते पान उघडून पाहावे. तिथे कोणता आकडा आहे आणि तो कोणत्या वर्षीचा आहे, एवढ्यावरूनही या इतिहासातला आपल्या घराचा टप्पा कळतो.

(थ्रेड समाप्त)